बोंबलांचा कारखाना

"यंत्र कुठं आहे?" हुद्दार साहेबांनी विचारलं.

सासूबाईंनी उजवा हात वर केला आणि थेट आभाळाकडे बोट दाखवलं.

साहेबांनी वर पाहिलं. त्यांच्याबरोबर आलेल्या शिपायानेही पाहिलं. वर टळटळीत ऊन होतं आणि एक घार फिरत होती. घार हे यंत्र नव्हे, एवढं साहेबांच्या लक्षात आलं.

"तिथं काय आहे?"

"सूर्य हाय. दुसरा काय असेल?"

"म्हणजे यंत्र नाही."

"नाय कसा? पहाटे आपोआप चालू होतो, सांजचा आपोआप बंद होतो. डिझेल लागत नाय, मेकॅनिक लागत नाय. तुमच्या कनच्या कारखान्यात असा यंत्र हाय, सांगा मना."

हुद्दार साहेबांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. त्यांच्या पायांत काळे बूट होते आणि बुटांत वाळू गेली होती. समोर आमचं खळं, म्हणजे मासळी सुकवायची जागा, पार किनाऱ्यापर्यंत पसरलेलं होतं. बांबूंच्या उंच वलांडी, त्यांवर आडव्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील. साहेब त्या सगळ्याकडे मोठ्या कळवळ्याने बघत होते. नियमात बसत नसलेली वस्तू दिसली की त्यांना तिची दया येत असे.

"बाई, अश्वशक्तीचा रकाना रिकामा ठेवता येत नाही हो," ते म्हणाले. "रिकामा ठेवला तर अर्ज परत येतो. उद्योग म्हटला की यंत्र आलं, यंत्र म्हटलं की अश्वशक्ती आली."

"म्हंजे काय?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"यंत्राला किती घोड्यांचं बळ आहे, ते विचारताहेत."

मागून जनूमावशी पुढे सरसावल्या. जनूमावशी आमच्या शेजारीण. त्यांच्या तोंडाला कुलूप लावायची गावात कोणाची टाप नव्हती. "सूर्याचे रथाला सात घोडे हायत ना गो, मास्तरणी? तसबिरीत बघितलेत मी."

मी हो म्हटलं. साहेब क्षणभर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला, त्यांनी पेन उघडलं आणि शिपायाच्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं: अश्वशक्ती, सात.

आज त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. मी त्या कोळ्याच्या घरची सून आणि मांडवखारच्या शाळेतली मास्तरीण. त्यामुळे सरकारी मराठी गावच्या मराठीत आणणं आणि गावचं मराठी सरकारी मराठीत पोचवणं हे काम लग्नानंतर आपोआपच माझ्या गळ्यात पडलेलं. माझ्या सासूबाईंना सगळं गाव लखमाय म्हणे. खळ्यावर पंधरा-वीस बायका काम करायच्या, पण शब्द चालायचा तो लखमायचा. ओल्या मासळीवर पुरुषांची सत्ता, सुक्या मासळीवर बायकांची, अशी आमच्याकडे पहिल्यापासूनची वाटणी. खळं होतं म्हणून बाईला कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता. खळं गेलं तर जेट्टीवर व्यापारी म्हणेल त्या भावात मासळी टाकून, रिकाम्या हाताने घरी यायचं आणि मिठासाठीसुद्धा नवऱ्याचं तोंड बघायचं. लखमायला याची जेवढी धास्ती होती, तेवढी वादळाचीही नव्हती.

आणि खळं जायची पाळी आली ती एका रंगामुळे.

बंदर मोठं होणार म्हणून नवा नकाशा निघाला आणि त्यात आमचा अख्खा किनारा जांभळा झाला. जांभळा म्हणजे बंदर औद्योगिक विभाग. तिथं काय चालतं नि काय चालत नाही, याची तपशीलवार नियमावली होती. रसायनांच्या टाक्या चालत होत्या. कोळशाचे डोंगर चालत होते. जुनी जहाजं फोडलेली चालत होती, मेलेल्या जनावरांची हाडं दळलेलीही चालत होती. मासे सुकवणं मात्र चालत नव्हतं. कारण मासे सुकवणं हा शेतीला जोडून येणारा वापर, आणि शेतीचा रंग हिरवा. हिरवा रंग गावामागच्या डोंगराला दिलेला होता.

नकाशाच्या सुनावणीच्या दिवशी लखमायने विचारलं होतं, "मंग बोंबील काय डोंगरावर न्यायचे, सायेब?"

"नियमात तसं म्हटलेलं नाही," हुद्दार साहेब अगदी नम्रपणे म्हणाले होते. "नियमात फक्त इथं नाही, एवढंच म्हटलेलं आहे."

त्यात शेजारच्या रसायनांच्या कारखान्याने तक्रार केली होती, की खळ्याच्या वासाने त्यांच्या कामगारांना मळमळतं. त्याच कारखान्याने टाकी उघडली की माझ्या वर्गातली पोरं डोळे चोळत घरी पळायची. पण तो वास जांभळ्या विभागात बसत होता. बोंबलांचा बसत नव्हता.

दुसरा कोणी अधिकारी असता तर त्याने सरळ बुलडोझर पाठवला असता आणि आम्ही त्याच्या नावाने बोटं मोडली असती. हुद्दार साहेब तसे नव्हते. नकाशा काढणाऱ्या त्या कचेरीत गरिबाला खुर्ची देणारा तो एकच माणूस. त्यांनी नियमावली पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि आम्हाला बोलावून घेतलं. भाचीचं लग्न ठरल्यासारखा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

"अन्नप्रक्रिया उद्योग!" ते म्हणाले. "जांभळ्यात चालतो! आणि सुकवणं ही प्रक्रियाच आहे. बाई, तुम्ही शेतीवाल्या नाहीच मुळी. तुम्ही उद्योजक आहात."

"मी लखमाय हाय," सासूबाई म्हणाल्या. पण घरी येताना त्या पदर जरा जास्तच ठाकठीक करत होत्या.

अशा रीतीने ती पाहणी झाली, सूर्याचे घोडे कागदावर चढले आणि महिनाभरात मंजुरी आली. मांडवखारात त्या दिवशी शिमगा आणि गौरी एकदमच आल्यासारखं वाटलं. जनूमावशींनी घरोघर साखर वाटली. शेजारच्या कारखान्याच्या फाटकासमोर उभं राहून त्यांनी तिथल्या रखवालदारालाही चिमूटभर दिली. "घे रं," त्या म्हणाल्या, "आता आपन एका जातीचे."

मंजुरीसोबत एक अट होती. उद्योगाला चारी बाजूंनी कुंपणभिंत पाहिजे.

मी अट वाचून दाखवली. मला वाटलं, कोणीतरी कुरकुर करेल. झालं उलटंच. लखमायचे डोळे चमकले.

"पाहिजेच! भिंत नाय ती कंपनी कसली?"

"समुद्राचे बाजूनंपन?" जनूमावशींनी विचारलं.

"चारी बाजूंनी म्हंजे चारी बाजूंनी. सरकार काय खुळं हाय? आनि ऐका गो, त्या टाकीवाल्याचे भिंतीपेक्षा एक चिरा तरी वर गेली पाहिजे आपली. इतकी वरसं भिंतीच्या पलीकडून नाक मुरडतो मेला."

गावातले बाप्ये कामाला लागले. जांभ्या चिऱ्याची भिंत उभी राहिली, पुरुषभर उंचीच्याही वर गेली. लाल रंगाचं लोखंडी फाटक बसलं. मी स्वतः शिडीवर चढून पाटी रंगवली: 'मांडवखार महिला मत्स्यप्रक्रिया उद्योग.' नारळ फुटला. लखमाय फाटक लोटून आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. आयुष्यभर त्या वाळूतून कुठूनही खळ्यात शिरायच्या. आता त्यांना दार होतं. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू!

मग पहिला माल टांगला.

बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. तो सुकतो वाऱ्यावर, ऊन नुसतं सोबतीला. समुद्रावरून येणारा खारा वारा दोऱ्यांमधून सळसळत गेला पाहिजे, तर दोन-चार दिवसांत तो काडीसारखा कडक होतो. हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग भिंत बांधताना हे कोणाच्याच डोक्यात कसं आलं नाही? याचं उत्तर मला सापडलंय. त्या वेळी आम्ही कोळणी नव्हतो, उद्योजक होतो.

बोंबील पिवळे पडले. मग काळे. मग दोरीवरून एकेक करून खाली गळू लागले. आत हवा कोंडलेली आणि माश्यांचे थवे. आजवर खळ्याला वास होता. आता पहिल्यांदाच दुर्गंधी सुटली. जनूमावशी काही बोलायला गेल्या की लखमाय खेकसायच्या, "या वरसाला मासळीच पानचट हाय." त्या दरवेळी भिंतीकडे पाठ करून बसायच्या. दुसरा माल टांगला, तोही कुजला. तिसऱ्याच्या वेळी बायका ओली मासळी गपचूप जेट्टीवर विकून आल्या आणि एकमेकींच्या नजरा चुकवू लागल्या. नेमकं जे होऊ नये म्हणून उद्योग झाला होता, तेच होत होतं, आणि तेही रीतसर मंजुरीने.

अशात हुद्दार साहेब धावतपळत आले. घामाने डबडबलेले, पण हसतमुख.

"मुंबईहून मोठे साहेब येताहेत! आपला उद्योग आदर्श म्हणून निवडलाय. नकाशाला विरोध करणाऱ्या गावांना दाखवायला. तुमचा सत्कार आहे, लखमाय!"

ते गेल्यावर आम्ही सगळ्या रिकाम्या दोऱ्यांखाली बसून राहिलो. साहेबांनी एवढी धडपड केली होती. त्यांना तोंडघशी पाडायचं कसं? शेवटी जनूमावशींनीच तोडगा काढला. खाडीपलीकडच्या गावातल्या बायका कसलीही मंजुरी न घेता रस्त्याच्या कडेला उघड्यावर मासे सुकवायच्या. त्यांच्याकडून सुके बोंबील आणायचे आणि टांगायचे.

लखमायने जन्मात कधी सुका बोंबील विकत घेतला नव्हता. बाजारात त्या पदर नाकापर्यंत ओढून माझ्या मागे उभ्या राहिल्या. घासाघीस मीच केली. विकणारीने एक बोंबील मोडून दाखवला आणि म्हणाली, "बघ बाय, कसा कडक! मांडवखारचे लखमायचा मालपन असा नसेल." पदराआडून हूं की चूं झालं नाही.

आणि नवीनच पंचाईत झाली. ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकतात, सुक्यांचे अडकवायला गेलं की कडकन मोडतात. तेव्हा मी शाळेतून सुई-दोरा आणला आणि पंधरा-वीस कोळणी दिवसभर बसून बोंबील दोरीला शिवत होत्या. शेजारचा रखवालदार भिंतीवरून डोकावून बघत होता. त्याला वाटलं असेल, यंत्र बिघडलं.

मोठे साहेब आले. त्यांनी फाटक पाहिलं, पाटी पाहिली, भिंत तर फारच आवडली त्यांना. एका बोंबलाला दोन बोटांनी चाचपून ते म्हणाले, "वा! ओलाव्याचं नाव नाही! हुद्दार, नियोजन म्हणतात ते हेच." हुद्दार साहेब लाजले. लखमायच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला आणि कोणीतरी माइक पुढे केला. "दोन शब्द बोला, ताई."

मी त्यांच्याकडून चार वाक्यं पाठ करून घेतली होती. सरकारचे आभार, साहेबांचे आभार, नकाशाचेही आभार. त्यांनी माइक धरला, दोऱ्यांकडे पाहिलं.  

"सायेब," त्या म्हणाल्या, "हे बोंबील आमचे नायत."

सगळे हसले. त्यांना वाटलं, विनयाने बोलतेय, सगळं देवाचं म्हणते.

"हसू नका. हे इकत आनलेत. आमचे कुजले. भिंतीनं वारा आडवला, आनि भिंत मीच मागितली. मना कंपनीवाली व्हायची हौस आली. बास, इतकाच बोलायचा होता."

 हुद्दार साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मोठे साहेब त्यांच्या कानाशी वाकले, आणि मी अगदी जवळ उभी असल्याने मला ऐकू आलं. मला वाटलं, ते भिंतीबद्दल काहीतरी विचारतील.

"बाहेरून विकत आणलेला माल?" ते कुजबुजले. "म्हणजे हा वाणिज्य वापर झाला, हुद्दार. जांभळ्यात वाणिज्य कुठं चालतं? नोटीस काढा."

गाड्या गेल्या. लखमायने शालीची नीट घडी घालून माझ्याकडे दिली. मग त्यांनी होडीच्या शेडमधून पहार आणली, समुद्राकडच्या भिंतीपाशी गेल्या आणि एका चिऱ्याखाली ती घातली.  जनूमावशींनी कासोटा आवळला आणि दुसरी पहार आणली. संध्याकाळपर्यंत सगळ्या बायका भिंतीला भिडल्या होत्या. बाप्ये लांब उभे राहून बघत होते. त्यांनी ती बांधली होती ना! पहिलं भगदाड पडलं तसा आतल्या कोंडलेल्या हवेत गार खारा वारा घुसला. शिवलेले बोंबील एकदम खुळखुळले. लखमाय वाळूत फतकल मारून बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मीही रडले. भिंत पडली याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

आठवडाभराने हुद्दार साहेब नोटीस घेऊन आले. समुद्राची बाजू उघडी, दोऱ्यांवर ओला माल, जबड्यात जबडा. 

"आता मी काय करू?" ते कळवळून म्हणाले. "उद्योग असेल तर भिंत हवी. भिंत नसेल तर उद्योग नाही. आणि उद्योग नसेल तर मासे सुकवता येत नाहीत."

"मंग लिवा, इथं कायच नाय," लखमाय वैतागून म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली. तोच जुना आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पसरला. "मोकळी जागा!" ते म्हणाले. "उद्योग बंद, जागा मोकळी! मोकळ्या जागेत कोणी नसतं. कोणी नसेल तर वापर नाही, आणि वापरच नसेल तर नियम मोडणार कोण? लखमाय, सुटलात तुम्ही!"

त्यांनी तिथंच उभ्याउभ्या तसा शेरा मारला. आमचा जीव भांड्यात पडला. जनूमावशींनी त्यांना चहा पाजला, वर दुसराही पाजला. पुढची दोन वर्षं खळं असं भरलं, की वलांडी वाकल्या. कचेरीचा माणूस पाहणीला यायचा, बोंबलांच्या रांगांमधून वाट काढत पार शेवटपर्यंत जायचा, जागा मोकळी असल्याचं लिहायचा आणि जाताना थोडे बोंबील न्यायचा. जनूमावशी त्याला हाक मारून म्हणायच्या, "सांभाळून रं, आमचे पायावर पाय देशील. आमी हावच नाय ना इथं!" आम्ही पोट धरधरून हसायचो. सरकारला असं कोणी बनवलं नसेल, असं आम्हाला वाटायचं.

मग एके दिवशी दुपारी हुद्दार साहेब एकटेच आले. बरोबर शिपाई नव्हता. नेहमीसारखे ते आत आले नाहीत, पडक्या भिंतीच्या चिऱ्यावर बसले. मी आणि सासूबाई त्यांच्याजवळ गेलो.

"शेजारच्या कारखान्याला विस्तारासाठी जागा हवी होती," ते खाली बघत म्हणाले. "वरून हुकूम झाला. मोकळी असेल ती द्यायची. ही दिली."

मला आधी नीट उमगलंच नाही. "आणि आम्ही? आमच्या बायका? त्यांना पर्यायी जागा, भरपाई, काहीतरी असेल ना?"

"बाधितांच्या रकान्यात..." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "निरंक आहे, मास्तरीणबाई. कोणी नाही. मी तुमच्यासाठीच लिहिलं होतं हो ते. तुम्ही होतात ना तेव्हा? तुमच्या भल्यासाठीच लिहिलं होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या भल्या माणसाला काय काय बोलावं, असं झालं मला. पण त्यांचे डोळे भरलेले होते, आणि दोन वर्षं त्यांना दुवा आम्हीच दिला होता. मी सासूबाईंकडे बघितलं. आता यांच्या तोंडाचा पट्टा सुटणार, असं मला वाटलं.

लखमाय वळल्या. त्या दोऱ्यांपाशी गेल्या. उन्हावाऱ्यात उत्तम कडक झालेले बोंबील त्यांनी एकेक करून निवडले. एकही मोडू न देता त्यांच्या जोड्या सोडवल्या, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पुडा साहेबांच्या हातात दिला.

"नको, लखमाय," साहेब उठून उभे राहिले. "मी कोणत्या तोंडानं घेऊ? ठेवा तुम्हाला."

"न्या, सायेब," लखमाय म्हणाल्या. "इथं कोन नायच, तर ठेवू कोनासाठी?"